थंडीची फॅशन सुयांवर: लोकर, हिशेब आणि एक सैल रॅगलान स्वेटर

कुणाच्या अंगावर किंवा मोबाइलवर एखादा स्वेटर दिसतो, मनात भरतो, आणि आपण लगेच त्याची वीण कुठली ते शोधायला लागतो. मी बरीच वर्षं असंच करत आले. हळूहळू लक्षात आलं की आवडलेल्या स्वेटरची वीण बहुतेक वेळा अगदी साधी, नुसती सुलट असते. डोळ्यांत भरतं ते वेगळंच काही: खांद्यावरून ओघळलेली बाही, मनगटाशी एकदम आवळलेली बॉर्डर, लोकरीवरची धुक्यासारखी लव. म्हणून आता कुठलाही स्वेटर बघताना मी तीन गोष्टी सुट्या करून बघते: आकार, लोकर आणि वीण. या तिघांपैकी नवं काय आहे ते ओळखलं की मेहनत कुठे घालायची ते कळतं. गेल्या काही हिवाळ्यांतला नवेपणा मुख्यतः आकारात आणि लोकरीत आहे, आणि या दोन्ही गोष्टी मोजमापावर चालतात. त्यामुळे पुढे आकडे बरेच येतील. कागद-पेन्सिल जवळ घेऊन बसा.

सध्या काय विणलं जातंय

सगळ्यात ठळक म्हणजे सैल स्वेटर. छातीच्या मापापेक्षा १५ ते २५ सेंटीमीटर जास्त घेर, लांबी कमरेपर्यंत किंवा जरा वर, गळ्याची बॉर्डर आत दुमडून दुहेरी केलेली, बाही रुंद आणि मनगट घट्ट. हा वरून खाली, बिनशिलाईचा विणतात. त्यामुळे विणता विणता अंगात घालून बघता येतं, आणि सैल कपड्याला तेच सगळ्यात उपयोगी पडतं. खाली आपण हाच स्वेटर पहिल्या टाक्यापासून विणणार आहोत.

दुसरी गोष्ट मोहेरची. अंगोरा जातीच्या बकरीच्या केसांचा हा अगदी बारीक, लव असलेला धागा रेशमात कातलेला असतो आणि साध्या लोकरीसोबत दुहेरी धरून विणतात. साधी सुलट वीणही त्यामुळे मऊ, धूसर दिसते.

मग बिनबाह्यांचा, व्ही गळ्याचा स्वेटर, जो शर्टावर घालतात. आणि बालाक्लाव्हा, म्हणजे डोकं, कान आणि मान झाकून फक्त चेहरा उघडा ठेवणारी टोपी. हे नाव क्रिमियातल्या बालाक्लाव्हा गावावरून आलं. तिथे २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियन युद्धातली एक लढाई झाली. त्या लढाईत घोडदळाच्या तुकडीचं नेतृत्व करणाऱ्या लॉर्ड कार्डिगनच्या नावावरून समोरून उघडणाऱ्या स्वेटरला कार्डिगन म्हणतात. त्याच युद्धात ब्रिटिश सैन्याचे सेनापती असलेले लॉर्ड रॅगलान यांचा उजवा हात १८१५ मध्ये वॉटर्लूला गेला होता. गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी शिवण असलेल्या बाहीला त्यांचं नाव मिळालं. हिवाळी कपड्यांतले तीन शब्द एकाच युद्धाशी जोडलेले आहेत, हे मला दर वेळी नव्याने चकित करतं.

याशिवाय गळ्यात गाठ मारायचे छोटे तिकोनी स्कार्फ, मनगटपट्ट्या आणि पोटरीवरचे लेग वॉर्मर्स. आणि कधीच न जाणाऱ्या दोन गोष्टी: वेण्यांची वीण आणि योकवरची, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंतच्या भागावरची, रंगीत नक्षी. त्यांच्याकडे शेवटी वळू.

लोकर घेताना

लोकरीच्या लेबलावर जाडीचा आकडा असतो, ० ते ७. सर्वात बारीक ०, सर्वात जाड ७. स्वेटरसाठी ३ आणि ४ हे मधले आकडे सोयीचे. ३ नंबरला डीके म्हणतात. तिचे १० सेंटीमीटरमध्ये साधारण २१ ते २४ टाके बसतात, ३.७५ ते ४.५ मिलिमीटरच्या सुयांवर. ४ नंबरचे १६ ते २० टाके बसतात आणि सुया ४.५ ते ५.५ लागतात. ६ नंबरची जाडजूड लोकर फोटोत फार छान दिसते आणि दोन दिवसांत मफलर होतो, पण पूर्ण स्वेटर तिचा करू नका असं मी सांगेन. तो इतका जड होतो की खांदे स्वतःच्याच वजनाने खाली ओढले जातात.

जाडीनंतर धाग्याचा स्वभाव बघायचा. मेंढीच्या लोकरीत नैसर्गिक कुरळेपणा असतो, म्हणून ताणली तरी ती परत जागेवर येते. बॉर्डर घट्ट राहायला हवी तिथे हीच लोकर. मेरिनो जातीच्या मेंढीचा तंतू बारीक, २४ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत असतो, म्हणून मानेला टोचत नाही. तंतू ३० मायक्रॉनच्या पुढे गेला की त्याची टोकं त्वचेला बोचायला लागतात. लोकर मऊ आहे का हे हाताने बघून पुरत नाही, तळहाताची कातडी जाड असते. गुंडा मानेला किंवा हाताच्या आतल्या बाजूला मिनिटभर धरा. अल्पाका फार ऊबदार आणि चमकदार, पण तिला कुरळेपणा कमी, त्यामुळे लांबलचक स्वेटर तिचा केला तर तो महिन्याभरात आणखी लांब होतो. अॅक्रिलिक धुवायला सोपं, मात्र त्यावर गरम इस्त्री किंवा वाफ दिली की तंतू मरतात आणि वीण कायमची लोळते.

सुपरवॉश लिहिलेल्या लोकरीबद्दल खास सांगते. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि कपडा आटतो. सुपरवॉशमध्ये हे खवले काढून टाकलेले किंवा झाकलेले असतात. म्हणून कपडा आटत नाही, पण टाक्यांना एकमेकांची पकडही राहत नाही. माझा पहिला सुपरवॉश मेरिनोचा स्वेटर सुयांवर अगदी मापात होता. धुऊन वाळत घातला तेव्हा बाह्या बोटांच्या पुढे गेल्या होत्या. मी नमुना तुकडा विणला होता, धुतला मात्र नव्हता.

एकाच रंगाच्या सगळ्या गुंड्यांवर रंगाचा लॉट नंबर एकच आहे ना ते बघा, आणि एक गुंडा जास्तीचा घ्या. हाताने रंगवलेल्या लडींमध्ये लॉट एक असूनही फरक पडतो. तिथे दोन गुंडे घेऊन दर दोन फेऱ्यांनी आलटून पालटून विणायचं.

आपल्या स्वेटरसाठी, छाती ९० सेंटीमीटर धरून, डीके मेरिनो साधारण ११०० मीटर लागेल. ५० ग्रॅमचा गुंडा ११५ ते १२० मीटरचा असेल तर १० गुंडे. सोबत तितकंच लांब बारीक मोहेर. त्याचा २५ ग्रॅमचा गुंडा साधारण २१० मीटरचा असतो, म्हणजे ६ गुंडे. सुया गोल, म्हणजे दोन टोकं तारेने जोडलेल्या, ५ मिलिमीटरच्या आणि बॉर्डरसाठी ४ मिलिमीटरच्या. गळ्याला ४० सेंटीमीटरची तार, अंगाला ८० ची.

नमुना तुकडा, धुतलेला

दोन्ही धागे एकत्र धरून ५ च्या सुईवर ३० टाके घाला आणि १५ सेंटीमीटर उंचीचा तुकडा विणा. पूर्ण स्वेटर गोल विणायचा आहे, म्हणून तुकड्यातही उलट ओळ नको. बहुतेकांचे उलट टाके सुलटपेक्षा जरा सैल पडतात, त्यामुळे सपाट तुकड्याचं माप गोल विणलेल्याशी जुळत नाही. ओळ संपली की काम न वळवता टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवा, धागा मागून सैल ओढून आणा आणि पुन्हा सुलट विणा. मागे लोंबणारे धागे शेवटी कापून टाकले तरी चालतात, तुकडा मोजायलाच आहे.

मग तो कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा, टॉवेलमध्ये दाबा, न ताणता सपाट वाळवा. पूर्ण सुकल्यावर मधल्या भागात १० सेंटीमीटरवर पट्टी ठेवून टाके मोजा. अर्धा टाका आला तर तोही लिहा. फेऱ्याही मोजा. पुढचा सगळा हिशेब १८ टाके आणि २४ फेऱ्या धरून आहे, म्हणजे सेंटीमीटरला १.८ टाके आणि २.४ फेऱ्या.

एका टाक्याने काय बिघडतं ते बघा. अंगाला आपण १९८ टाके घेणार आहोत. १८ च्या मापाने घेर ११० सेंटीमीटर होतो. तुमचे १७ च टाके बसत असतील तर त्याच १९८ टाक्यांचा घेर ११० ऐवजी ११६.५ होतो: साडेसहा सेंटीमीटरचा फरक. १९ बसत असतील तर घेर १०४ वर येतो. सैल स्वेटरमध्ये साडेसहा सेंटीमीटर म्हणजे छान ओघळणारा आणि नुसता मोठा यांच्यातलं अंतर. टाके कमी बसले तर सुई पाव किंवा अर्धा मिलिमीटर बारीक घ्या, जास्त बसले तर जाड घ्या, आणि तुकडा पुन्हा विणा.

गळा

५.५ किंवा ५ च्या सुईवर ८४ टाके सैल घाला आणि ४ च्या सुईवर घेऊन गोल जोडा. जोडताना टाक्यांना पीळ पडलेला नाही ना ते दोनदा बघा. पीळ पडला तर तो पुढे काढता येत नाही. एक सुलट, एक उलट अशी बॉर्डर ८ सेंटीमीटर विणा.

आता दुमडायची. बॉर्डर आतल्या बाजूला वळवा, म्हणजे घातलेल्या टाक्यांची कड सुईच्या मागे येईल. डाव्या सुईवरच्या पहिल्या टाक्यासोबत कडेचा नेमका त्याच्यामागचा फास उचला आणि दोन्ही मिळून एक सुलट टाका विणा. असं ८४ वेळा. इथे घाई केली की एक फास सुटतो आणि पुढचे सगळे एकेक टाका बाजूला सरकतात. मग गळ्यावर तिरप्या सुरकुत्या दिसतात. मी सुरुवातीलाच कडेच्या दर दहाव्या फासाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधून ठेवते, सुईवरही दर दहा टाक्यांना मार्कर, म्हणजे खुणेची छोटी रिंग, घालते. दोरा आणि मार्कर एकत्र आले की कळतं, सगळं जागेवर आहे. दुमडलेला गळा डोक्यातून घालून बघा. अडकत असेल तर सुरुवातीची कड घट्ट झाली आहे. आत्ताच उसवा, उसवायला ८ सेंटीमीटरच आहे.

मागचा गळा उंच करणे

मान पुढे कललेली असते, म्हणून पाठीकडचा गळा समोरपेक्षा उंच हवा. हे नाही केलं तर स्वेटर सतत मागे सरकतो आणि समोरची कड गळ्याला टोचते. विकत मिळणारे पुष्कळ स्वेटर इथेच फसतात.

५ च्या सुईवर एक फेरी सुलट विणताना मार्कर असे लावा: पाठ २८, रॅगलान २, बाही १०, रॅगलान २, समोर २८, रॅगलान २, बाही १०, रॅगलान २. बेरीज ८४. फेरीची सुरुवात पाठीच्या सुरुवातीला.

आता अर्धवट ओळी. पाठ विणा, रॅगलान विणा, बाहीचे ३ टाके विणा आणि काम वळवा. धागा पुढे घ्या, पहिला टाका न विणता उजव्या सुईवर घ्या आणि धागा सुईवरून वर घेऊन मागे ओढा, म्हणजे त्या टाक्याचे दोन पाय दिसतील. धागा तसाच ताणलेला ठेवून पुढे आणा आणि उलट विणत दुसऱ्या बाजूच्या बाहीच्या ३ टाक्यांपर्यंत जा, वळवा, तसाच दुहेरी टाका करा. पुढच्या वेळी दोन्ही बाजूंना आधीच्या वळणाच्या ५ टाके पुढे जाऊन वळायचं, तिसऱ्या वेळी आणखी ५ टाके पुढे. वाटेत दुहेरी टाका आला की त्याचे दोन्ही पाय एकत्र विणायचे. एकूण ६ ओळी झाल्या की पाठ अडीच सेंटीमीटर उंच होते.

योक

इथून दर एकाआड फेरीत वाढ. प्रत्येक रॅगलानच्या २ टाक्यांच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, म्हणजे एका वाढीच्या फेरीत ८ टाके. नवा टाका दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलून, पीळ देऊन विणा, नाहीतर भोक पडतं. अलीकडच्या टाक्याला एका दिशेने पीळ आणि पलीकडच्याला उलट दिशेने दिलात तर रॅगलानची रेघ दोन्हीकडून सारखी, आरशातल्यासारखी उतरते. एवढीशी गोष्ट आहे, पण पूर्ण स्वेटरमध्ये नजर आधी तिथेच जाते.

वाढीच्या ३० फेऱ्या आणि मधल्या साध्या ३०, मिळून ६० फेऱ्या, म्हणजे २५ सेंटीमीटर. सुईवर ३२४ टाके झालेले असतील: पाठ ८८, समोर ८८, बाह्या ७०-७०, रॅगलानचे ८. वीसाव्या वाढीनंतर एकदा आणि इथे एकदा टाके लांब तारेवर घेऊन अंगात घालून बघा. रॅगलानची रेघ काखेच्या दोन-तीन सेंटीमीटर खाली पोचली पाहिजे. सैल स्वेटरला तेवढा झोल लागतो.

आता वाटणी. रॅगलानच्या प्रत्येक जोडीतला एक टाका अंगाला आणि एक बाहीला. पाठीचे ९० विणा, बाहीचे ७२ टाके जुन्या दोऱ्यावर काढून ठेवा, काखेसाठी ९ नवे टाके घाला, समोरचे ९० विणा, दुसरी बाही दोऱ्यावर, पुन्हा ९ नवे टाके. अंगाला ९० + ९ + ९० + ९ = १९८.

छाती ८० असेल तर वाढीच्या २७ फेऱ्या आणि काखेत ६-६ टाके घ्या, अंगाला १८० होतील. छाती १०० असेल तर वाढीच्या ३२ फेऱ्या आणि काखेत १४-१४ टाके, म्हणजे २१६. तुमचं माप आणखी वेगळं असेल तर छातीत २० सेंटीमीटर मिळवा, १.८ ने गुणा आणि जमेल तितके टाके योकमधून, उरलेले काखेतून घ्या.

अंग आणि बाह्या

अंग सरळ सुलट. कमरेपर्यंतचा आखूड स्वेटर हवा असेल तर काखेपासून २४ सेंटीमीटर, नितंबांवर यायला हवा असेल तर ३४. बॉर्डरच्या आधीच्या फेरीत ९ टाके विणा, २ एकत्र, असं १८ वेळा करा. १९८ चे १८० होतात. मग ४ च्या सुईवर ६ सेंटीमीटर एक सुलट एक उलट, आणि ५ च्या सुईने सैल बंद करा. टाके कमी न करता बॉर्डर केली तर ती खाली पसरते आणि स्वेटर घंटेसारखा दिसतो.

बाहीचे ७२ टाके सुईवर घ्या आणि काखेच्या कडेतून ९ उचला. कोपऱ्यांत भोकं दिसतील. तिथे एकेक टाका जादा उचला आणि पुढच्या फेरीत शेजारच्या टाक्यासोबत एकत्र विणून टाका. ८१ टाके राहिले. दर ९ व्या फेरीला काखेच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका कमी करा, १० वेळा. ९० फेऱ्यांत ३८ सेंटीमीटर बाही होते आणि ६१ टाके राहतात. १०० छातीच्या मापात बाहीला ९० टाके येतात, तिथे कमी करण्याच्या फेऱ्या जवळ घ्या.

फुगीर बाही आणि आवळलेलं मनगट हा आकार इथे, एका फेरीत घडतो. १ टाका विणा, २ एकत्र, असं १७ वेळा, आणि उरलेले १० टाके साधे, पण ते एका जागी न ठेवता फेरीभर विखरून. ४४ टाके राहतात. ४ च्या सुईवर ६ सेंटीमीटर बॉर्डर. दोन्ही बाह्यांच्या फेऱ्या वहीत मोजून लिहा. पट्टीने मोजलेल्या दोन बाह्या माझ्या कधीच सारख्या झाल्या नाहीत. फेऱ्या मोजायला लागले तेव्हापासून होतात.

मोहेर उसवायची वेळ आली तर ओढाताण करू नका, लवेचे तंतू गुंततात. विणलेला भाग पिशवीत घालून तासभर फ्रीझरमध्ये ठेवा. गार असताना हळूहळू उसवला की बराच सोपा सुटतो.

त्याच लोकरीतून बालाक्लाव्हा

मापं तीच, १८ आणि २४. ८४ टाके गोल, ४ च्या सुईवर, दोन सुलट दोन उलट, २० सेंटीमीटर, म्हणजे मानेवर दुमडता येईल. ५ च्या सुईवर हनुवटीचे ८ टाके बंद करा आणि उरलेले ७६ सपाट, सुलट-उलट ओळींनी २४ सेंटीमीटर, साधारण ५८ ओळी विणा. टाके ३८-३८ वाटून डोक्यावर सुईदोऱ्याने टाक्याला टाका जोडून शिवा. मग चेहऱ्याच्या कडेने टाके उचला: हनुवटीचे ८ आणि दोन्ही बाजूंना दर ४ ओळींमागे ३, म्हणजे ४३-४३. ९४ टाक्यांवर ४ च्या सुईने ३ सेंटीमीटर बॉर्डर.

दर ४ ओळींना ३ टाके हे प्रमाण लक्षात ठेवा. १८ टाके आणि २४ ओळी यांचं तेच गुणोत्तर आहे. बिनबाह्यांच्या स्वेटरचं मुंढ्याचं काम यावरच उभं आहे. प्रत्येक ओळीतून टाका उचलला की मुंढा पंखासारखा बाहेर फाकतो, खूप कमी उचलले की काखेत आवळतो. व्ही गळ्याच्या टोकाला मधला एक टाका कायम सुलट ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंना दर एकाआड फेरीत टाका कमी करायचा, टोक टोकदार राहतं.

तिकोनी स्कार्फ तर कुणालाही जमेल. ५ टाक्यांनी सुरुवात, सगळ्या ओळी सुलट, एकाच कडेला दर चौथ्या ओळीत एक टाका वाढवा. अर्धी लोकर संपली की त्याच कडेला तसंच कमी करत जा. गुंडा सुरुवातीलाच वजन करून अर्ध्यावर खूण बांधून ठेवा.

वेण्या आणि रंगीत योक

वेण्यांच्या स्वेटरचं माहेर आयर्लंडच्या पश्चिमेकडची आरान बेटं. प्रत्येक घराण्याची वीण वेगळी होती आणि बुडालेल्या कोळ्याला तिच्यावरून ओळखत असत, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण ती दंतकथा आहे. वेणीचा स्वेटर २० व्या शतकाच्या सुरुवातीचा. विणताना एक पथ्य: वेणी वीण आत ओढते. सुलट विणीला जितके टाके घेतले असते त्याहून साधारण १५ ते २० टक्के जास्त लागतात. हे जादा टाके बॉर्डर संपल्याबरोबर वाढवायचे. नमुना तुकडाही वेणीचाच हवा. वेणीला मोहेर नको, लवेत तिची कड बुडते. गुळगुळीत, पिळाची लोकर घ्या.

एका फेरीत दोनच रंग ही शेटलंडमधल्या फेअर आइल बेटाची रीत. १९२२ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, जे पुढे राजे आठवे एडवर्ड झाले, त्यांनी सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ मैदानावर तसा स्वेटर घातला आणि ती नक्षी जगभर गेली. आइसलँडचा गोल योकचा स्वेटर त्यामानाने अलीकडचा, १९५० च्या आसपासचा.

रंग निवडताना गुंडे शेजारी ठेवून मोबाइलने कृष्णधवल फोटो काढा. फोटोत दोन्ही एकाच करड्या छटेचे दिसले तर नक्षी उठणार नाही, प्रत्यक्षात ते लाल आणि हिरवे असले तरी. मागे न विणलेला धागा ५ टाक्यांपेक्षा जास्त लोंबत असेल तर मध्ये एकदा विणीच्या धाग्याने पकडा. प्रत्येक वेळी विणलेले टाके उजव्या सुईवर पसरून मगच रंग बदला, म्हणजे मागचे धागे आखूड राहून योक आवळणार नाही. दोन धाग्यांतला जो खालून येतो त्याचे टाके किंचित मोठे पडतात आणि तो रंग पुढे दिसतो. म्हणून नक्षीचा रंग सगळ्या फेऱ्यांत खालूनच आणायचा. मध्ये क्रम बदलला तर त्या फेरीची नक्षी फिकी पडते आणि कारण पटकन सापडत नाही.

धुणं आणि ठेवणं

शेवटचा टाका बंद झाला, टोकं लपवली, की स्वेटर ३० अंशांच्या आतल्या पाण्यात, लोकरीच्या साबणात वीस मिनिटं भिजवा. घासू नका, पिळू नका. खालून दोन्ही हातांनी सगळा एकदम उचला, ओला स्वेटर एका कडेने उचलला की त्याच जागी ताणतो. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सपाट, आधी लिहून ठेवलेल्या मापावर पसरा. रंगीत असेल तर पहिल्या धुण्याच्या आधी सगळ्या रंगांचे तुकडे ओल्या पांढऱ्या कापडात तासभर गुंडाळून ठेवा, रंग सुटणार असेल तर कापडावर दिसेल. मोहेरचा स्वेटर सुकला की जोरात झटका, लव उभी राहते.

सैल स्वेटर हँगरला टांगू नका, घडी करा. हंगाम संपताना धुऊन, पूर्ण सुकवून, बंद पिशवीत ठेवा. कसरीच्या अळ्या घाम आणि डाग असलेली लोकर आधी गाठतात. नमुना तुकडा, लेबल आणि उरलेल्या लोकरीतले दहा-बारा मीटर एका पाकिटात घालून स्वेटरच्याच घडीत ठेवा. कोपर आणि मनगट आधी झिजतात, आणि रफूचा धागा स्वेटरच्या बरोबरीने जुना झालेला असला की रंग जुळतो.